युक्रेनची मदत आणि नोव्हेंबरचं मत : अमेरिकेतल्या मराठी मतदारांना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार.

हे पत्र अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्या आणि इथं मत देणाऱ्या मराठी माणसांना लिहितो आहे. ग्रीन कार्डाच्या रांगेत अडकलेल्यांनीही ते जरूर वाचावं, पण माझं मागणं मताचा हक्क असलेल्यांकडे आहे. ३ नोव्हेंबर २०२६ ला हाउसच्या सर्व ४३५ जागांची आणि सिनेटच्या साधारण एक तृतीयांश जागांची निवडणूक आहे. त्याआधी उमेदवार आपल्या मंडळांत येतील. गणपतीच्या आरतीला उभे राहतील, ढोल-ताशा पथकाबरोबर फोटो काढतील, आपल्यातल्या काही जणांकडून प्रचारासाठी देणग्याही घेतील. आपण त्यांना व्हिसाबद्दल विचारू, प्रॉपर्टी टॅक्सबद्दल विचारू, शाळांबद्दल विचारू. युक्रेनबद्दलही विचारावं आणि विचारण्याआधी आपलं म्हणणं काय आहे हे आपसांत नीट बोलून घ्यावं, एवढ्यासाठी हे लिहिणं.

आपसांत बोलून घ्यावं असं म्हणतो, कारण या विषयावर आपल्यात सरळ दोन तट आहेत. पॉटलकच्या जेवणात विषय निघाला की आवाज चढतात आणि मग कुणीतरी शहाणपणानं क्रिकेटकडे वळवतं. रशियाशी लढणाऱ्या युक्रेनला अमेरिकेनं दिलेली मदत चालू राहावी, या बाजूचा मी आहे. दुसऱ्या बाजूला माझी जवळची माणसं आहेत आणि त्यांच्या चांगुलपणाबद्दल माझ्या मनात कसलीही शंका नाही. म्हणून त्यांचंच म्हणणं समोर ठेवून बोलतो.

सगळ्यात जास्त ऐकू येतं ते पैशांचं. इथं लोकांच्या नोकऱ्या जाताहेत, विम्याचे हप्ते वाढताहेत आणि आपला कर तिकडे कशाला जातो? प्रश्न रास्त आहे. कर भरणाऱ्यानं तो विचारलाच पाहिजे. पण विचारताना आकडे खरे हवेत.

फेब्रुवारी २०२२ नंतर एप्रिल २०२४ पर्यंत अमेरिकी काँग्रेसनं युक्रेनसंबंधी पाच खर्चविधेयकं मंजूर केली. त्यांची बेरीज साधारण १७५ अब्ज डॉलर होते. राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी अनेकदा ३५० अब्जांचा आकडा सांगितला आणि आपल्या व्हॉट्सअॅप गटांतही तोच फिरत राहिला. तो आकडा कुठल्याही सरकारी हिशेबात सापडत नाही. १७५ अब्ज ही रक्कम लहान नाही, हे मलाही कळतं. पण त्याच तीन वर्षांत संघराज्य सरकारनं एकूण जवळपास १९ हजार अब्ज डॉलर खर्च केले. म्हणजे दर शंभर डॉलरांतला एक डॉलरही युक्रेनकडे वळला नाही.

वळला तो तरी कुठे गेला? ही गोष्ट आपल्याकडे फारशी कुणी सांगत नाही, म्हणून जरा थांबून सांगतो. लष्करी मदतीचा मोठा भाग म्हणजे अमेरिकी लष्कराच्या कोठारातला माल. राष्ट्राध्यक्षांना असलेल्या अधिकारात तो उचलून पाठवला जातो आणि काँग्रेसनं मंजूर केलेल्या पैशांतून कोठार नव्या मालानं भरलं जातं. नवा माल बनतो तो इथंच. १५५ मिलिमीटरच्या तोफगोळ्यांची कवचं पेनसिल्व्हेनियातल्या स्क्रँटनच्या कारखान्यात घडतात, त्यांत स्फोटकं आयोवात भरली जातात. रणगाडे फोडणारी जॅव्हलिन क्षेपणास्त्रं अलाबामातल्या ट्रॉयमध्ये जुळवली जातात, हायमार्सची रॉकेटं अर्कान्सातल्या कॅम्डेनमध्ये तयार होतात. युद्धाच्या आधी अमेरिकेत या तोफगोळ्यांचं उत्पादन महिन्याला १४,००० च्या घरात होतं. दोन-तीन वर्षांत ते ४०,००० पर्यंत गेलं. ही वेळ आली नसती तर अमेरिकेच्या स्वतःच्या संरक्षणातलं हे भगदाड कुणाच्या लक्षातही आलं नसतं. सप्टेंबर २०२४ मध्ये युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्की स्क्रँटनच्या कारखान्यात जाऊन तिथल्या कामगारांचे आभार मानून आले. त्या कामगारांचे पगार याच विधेयकांतून निघत होते.

बिगर-लष्करी मदतीचंही एकदा पाहा. सुमारे ३० अब्ज डॉलर यूएसएडनं, म्हणजे परदेशी मदत देणाऱ्या अमेरिकी सरकारी खात्यानं, जागतिक बँकेमार्फत युक्रेनच्या सरकारी तिजोरीत घातले. त्यातून शिक्षक, डॉक्टर, अग्निशमन दलाचे जवान यांचे पगार आणि म्हाताऱ्या माणसांची पेन्शन दिली गेली. ज्या देशाची करवसुलीची यंत्रणा बॉम्बखाली आहे, त्या देशात शाळा चालू राहणं हेही लढण्याचाच भाग असतं. २० जानेवारी २०२५ ला परदेशी मदत गोठवण्याचा हुकूम निघाला आणि १ जुलै २०२५ पासून यूएसएड हे खातंच संपलं. हे मला आजही गैर वाटतं, युक्रेनपुरतंच नव्हे.

आणि आता तर पैशाच्या तक्रारीला फारसा आधारच उरलेला नाही. डिसेंबर २०२५ मध्ये मंजूर झालेल्या संरक्षण कायद्यात युक्रेनसाठी वर्षाला ४० कोटी डॉलर आहेत. दोन वर्षांपूर्वीच्या एका विधेयकात ६१ अब्ज होते, यावरून काय उरलं याचा अंदाज येईल. २०२५ च्या उन्हाळ्यापासून अमेरिकी शस्त्रं युरोपीय देश आपल्या पैशानं विकत घेऊन युक्रेनला देताहेत. युरोप काहीच करत नाही, हेही आपल्यात नेहमी म्हटलं जातं. जर्मनीतल्या कील इन्स्टिट्यूटनं ठेवलेला हिशेब पाहिला तर २०२४ च्या अखेरीस युरोपची एकूण मदत १३२ अब्ज युरो होती आणि अमेरिकेची ११४ अब्ज. डेन्मार्क आणि एस्टोनिया यांनी आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या दोन टक्क्यांहून जास्त दिलं. अमेरिकेचं प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास राहिलं. डिसेंबर २०२५ मध्ये युरोपीय संघानं पुढच्या दोन वर्षांसाठी ९० अब्ज युरोंचं कर्ज द्यायचं ठरवलं. रशियाच्या गोठवलेल्या ठेवी वापराव्यात की नाही यावर बेल्जियमनं हरकत घेतली, कारण त्यांतल्या बहुतेक ठेवी ब्रुसेल्सच्या युरोक्लिअर या वित्तसंस्थेत आहेत आणि उद्या रशिया कोर्टात गेला तर भरपाई आपल्या माथी येईल ही त्यांची भीती. त्या भांडणात बरेच महिने गेले, तरी शेवटी पैसे उभे राहिले.

भ्रष्टाचाराचा मुद्दा मी टाळणार नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये युक्रेनच्या सरकारी अणुऊर्जा कंपनीत सुमारे १० कोटी डॉलरच्या लाचखोरीचं प्रकरण बाहेर आलं. झेलेन्स्कींच्या एका जुन्या व्यावसायिक भागीदारावर आरोप झाला, दोन मंत्र्यांना जावं लागलं आणि महिनाअखेरीस अध्यक्षांचे सर्वांत विश्वासू सहकारी आंद्री येरमाक यांनाही पद सोडावं लागलं. ज्या हिवाळ्यात लोक बारा-बारा तास विजेशिवाय काढत होते, त्या हिवाळ्यात वीजखात्यातच पैसे खाल्ले जावेत, याचा संताप कीव्हमधल्या माणसाला आपल्यापेक्षा जास्त आला असणार. पण हे प्रकरण खणून काढलं ते युक्रेनच्याच भ्रष्टाचारविरोधी यंत्रणेनं, युद्ध चालू असताना. त्याच वर्षी जुलैत सरकारनं या यंत्रणेचे पंख छाटणारा कायदा केला होता. हवाई हल्ल्यांच्या भोंग्यांत तरुण पोरंपोरी पुठ्ठ्याचे फलक घेऊन रस्त्यावर उतरली आणि दहा दिवसांच्या आत तो कायदा सरकारला मागे घ्यावा लागला.

अमेरिकी शस्त्रांच्या हिशेबाबद्दलही बोललं जातं. जानेवारी २०२४ मध्ये पेंटागॉनच्या महानिरीक्षकांनी अहवाल दिला की विशेष नजर ठेवायच्या शस्त्रांपैकी एक अब्ज डॉलरहून अधिक किमतीच्या शस्त्रांची मोजदाद वेळेत झालेली नव्हती. आपल्या एका गटात ही बातमी ‘एक अब्जाची शस्त्रं चोरीला’ अशी आली. अहवालात तसं म्हटलेलं नव्हतं. शस्त्रं दुसरीकडे गेली का हे तपासणं त्या अहवालाच्या कक्षेतच नव्हतं. मोजदाद वेळेत व्हायला हवी, त्यासाठी माणसं आणि पैसे द्यायला हवेत, ही मागणी मदतीच्या बाजूच्या लोकांनीच सगळ्यांत जोरात करायला हवी. मी करतो.

आता दुसरं म्हणणं. युद्ध वाटाघाटींनीच संपणार, मग शस्त्रं पाठवून ते लांबवता कशाला? या म्हणण्यात दया आहे. इतकी माणसं मरताहेत, दोन्हीकडची गरीब घरांतली पोरं मरताहेत, हे थांबावं असं कुणाला वाटणार नाही? खुद्द युक्रेनच्या लोकांना ते वाटतं. गॅलपच्या पाहणीत २०२२ मध्ये ७३ टक्के युक्रेनियन जिंकेपर्यंत लढावं म्हणत होते. जुलै २०२५ मध्ये ६९ टक्के लोक शक्य तितक्या लवकर बोलणी करून युद्ध संपवावं या मताचे झाले. तेव्हा ‘युक्रेनला बोलणीच नकोत’ हे खरं नाही. प्रश्न असा आहे की बोलणी कशाच्या जोरावर करायची आणि कुणाच्या डोक्यावर बसून करायची.

याचं उत्तर शोधायला ऑक्टोबर २०२३ ते एप्रिल २०२४ हे महिने पाहावेत. मला हे महिने विसरता येत नाहीत, कारण त्या काळात निर्णय या देशात अडला होता आणि परिणाम तिकडे होत होता. २० ऑक्टोबर २०२३ ला व्हाइट हाउसनं युक्रेन, इस्रायल, तैवान आणि सीमासुरक्षा मिळून १०६ अब्जांची मागणी केली, त्यात युक्रेनचे ६१ अब्ज होते. रिपब्लिकन सदस्य म्हणाले, आधी मेक्सिकोची सीमा. मग सिनेटमध्ये दोन्ही पक्षांच्या सदस्यांनी सीमेवरचा तोडगा लिहिला, तो फेब्रुवारीत त्याच मागणी करणाऱ्यांनी पाडला. १३ फेब्रुवारीला सिनेटनं ७० विरुद्ध २९ मतांनी मदतीचं विधेयक मंजूर केलं. हाउसच्या सभापतींनी ते मतदानाला घेतलं नाही. चार दिवसांनी, १७ फेब्रुवारीला, युक्रेनी सैन्यानं पूर्वेकडचं अव्दिव्का शहर सोडलं. तोफा होत्या, गोळे नव्हते. व्हाइट हाउसनं त्याच दिवशी या पराभवाचा दोष काँग्रेसच्या दिरंगाईला दिला. त्या वेळचं सगळं राजकारण बाजूला ठेवलं तरी दारूगोळा संपत चालला होता हे कुणीच नाकारलं नाही.

शेवटी २० एप्रिल २०२४ ला सभापती माइक जॉन्सन यांनी स्वतःचं पद पणाला लावून युक्रेनच्या मदतीचं विधेयक मतदानाला घेतलं आणि हाउसमध्ये ३११ विरुद्ध ११२ असं मंजूर झालं. सगळ्या ११२ विरोधी मतांचे धनी रिपब्लिकन होते, बाजूनं मत देणारे रिपब्लिकन १०१. आपल्यापैकी जे त्या पक्षाला मत देतात त्यांना मी मुद्दाम सांगतो, या प्रश्नावर तुमचा पक्ष मधोमध दुभंगलेला आहे. तुमच्या उमेदवाराला कोणत्या बाजूला उभं राहायचं हे तुम्ही सांगितलंत तर ते ऐकलं जाईल. डेमोक्रॅट उमेदवाराला पटवायची मला गरज नाही, तुमच्या उमेदवाराला पटवायची तुम्हाला असेल.

त्या सहा महिन्यांत रशियाला बोलणी करायची घाई होती का? नव्हती. समोरच्याचा दारूगोळा संपतो आहे हे दिसत असताना कुणी टेबलाशी कशाला येईल? मदत रोखल्यानं शांतता जवळ येते असं मानणाऱ्यांनी या काळाचा दाखला देऊन दाखवावा.

२८ फेब्रुवारी २०२५ ची ओव्हल ऑफिसमधली ती बैठक आपण सगळ्यांनी पाहिली. कॅमेरे चालू असताना राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्ष मिळून एका लढणाऱ्या देशाच्या प्रमुखाला सुनावत होते, की तुमच्या हातात पत्ते नाहीत, तुम्ही आभार मानले का? आपल्यातल्या काहींना ते बघून बरं वाटलं. कुणीतरी स्पष्ट बोलतं आहे, असं ते म्हणाले. मला लाज वाटली. घरी आलेल्या पाहुण्याला चारचौघांत असं बोलू नये एवढं तर आपल्या घरांत लहान पोरालाही शिकवलेलं असतं. पण शिष्टाचार राहू द्या. ३ मार्चला शस्त्रं थांबवली, दोन दिवसांत गुप्तचर माहिती देणंही थांबवलं. ११ मार्चला जेद्दाहमध्ये युक्रेननं ३० दिवसांच्या बिनशर्त शस्त्रसंधीला होकार दिला, तेव्हा दोन्ही पुन्हा चालू झालं. रशियानं ती शस्त्रसंधी स्वीकारली नाही. १५ ऑगस्टला पुतिन अलास्कात आले, लाल गालिच्यावरून चालले आणि शस्त्रसंधी न करता परत गेले. दबाव एकाच बाजूवर टाकला की काय होतं ते या पाच महिन्यांत दिसलं.

त्याच फेब्रुवारीत, आक्रमणाला तीन वर्षं झाली त्या दिवशी, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत युक्रेन आणि युरोपनं मांडलेला ठराव ९३ विरुद्ध १८ मतांनी मंजूर झाला. अमेरिकेचं मत त्या १८ मध्ये होतं, रशिया, बेलारूस आणि उत्तर कोरियाबरोबर. आपण ज्या देशाच्या झेंड्यासमोर उजवा हात वर करून शपथ घेतली, त्या देशाचं ते मत होतं. मी ते विसरू शकलो नाही.

मुत्सद्देगिरीला माझा विरोध नाही, उलट ती जिथं झाली तिथं काय मिळालं हे आपण फार कमी सांगतो. जुलै २०२२ मध्ये तुर्कस्तान आणि संयुक्त राष्ट्रांनी इस्तंबूलमध्ये धान्याचा करार घडवला आणि वर्षभरात ३ कोटी टनांहून जास्त धान्य काळ्या समुद्रातून बाहेर पडलं. जुलै २०२३ मध्ये रशिया त्यातून बाहेर पडला. मे २०२५ मध्ये पुन्हा इस्तंबूललाच दोन्ही बाजू समोरासमोर बसल्या, तह झाला नाही, पण एक हजाराच्या बदल्यात एक हजार असे कैदी तीन दिवसांत घरी गेले. पुढच्या महिन्यात हजारो सैनिकांचे मृतदेह त्यांच्या घरच्यांकडे पोचले. संयुक्त अरब अमिरातीनं अशी अदलाबदल कितीतरी वेळा घडवून आणली आहे. पळवून नेलेल्या मुलांचंही तसंच. रशियात नेलेल्या १९ हजारांहून अधिक मुलांची नावानिशी नोंद युक्रेनकडे आहे, आणि याच प्रकरणात आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयानं मार्च २०२३ मध्ये पुतिन यांच्यावर अटक वॉरंट काढलं. ऑगस्ट २०२५ मध्ये मेलानिया ट्रम्प यांनी पुतिन यांना मुलांबद्दल पत्र लिहिलं आणि ऑक्टोबरात आठ मुलं घरी पोचल्याचं सांगितलं. आठ हा आकडा लहान आहे, पण त्या आठ घरांसाठी मी त्यांचे मनापासून आभार मानतो. मात्र ही मुलं कुठे आहेत हे उपग्रहचित्रांवरून शोधणाऱ्या येल विद्यापीठाच्या प्रयोगशाळेचं सरकारी अनुदान त्याच वर्षी याच सरकारनं बंद केलं. एका हातानं पत्र आणि दुसऱ्या हातानं हे, असं का, हा प्रश्न उमेदवाराला विचारण्याजोगा आहे.

नोव्हेंबर २०२५ मध्ये २८ कलमांचा शांतता आराखडा बाहेर आला, तोही काळजीपूर्वक वाचा. त्यात युक्रेनच्या सैन्याला सहा लाखांची मर्यादा होती, नाटोचा दरवाजा कायमचा बंद होता, आणि दोनेत्स्क प्रांतातला जो भाग आजही युक्रेनच्या ताब्यात आहे तो सोडून देण्याची अट होती. क्रामातोर्स्क आणि स्लोव्हियान्स्क ही शहरं त्या भागात आहेत. तिथं लोक राहतात, बाजार भरतो. रशियाला जे लढून घेता आलं नाही ते सहीनं मागून घ्यायचं, असा तो प्रकार होता. वर रशियाच्या गोठवलेल्या पैशांतून उभ्या राहणाऱ्या कामातला अर्धा नफा अमेरिकेला. नंतर जिनिव्हात त्यातली कलमं बदलली गेली, पण पहिला मसुदा काय होता हे आपण ध्यानात ठेवायला हवं.

‘अमेरिकेनं काय ठेका घेतला आहे का?’ असं विचारणाऱ्यांसाठी एक तारीख. ५ डिसेंबर १९९४, बुडापेस्ट. सोव्हिएत संघ फुटल्यावर युक्रेनच्या भूमीवर सुमारे १,९०० सामरिक अण्वस्त्रं उरली होती, जगातला तिसऱ्या क्रमांकाचा साठा. युक्रेननं ती देऊन टाकली. बदल्यात रशिया, ब्रिटन आणि अमेरिका यांनी त्याच्या सीमांचा मान राखण्याचं लिहून दिलं. त्या कागदात सैन्य पाठवण्याचं बंधन नव्हतं, हे खरं. पण सही आपल्या राष्ट्राध्यक्षांची होती. भारतातून आलेल्या माणसाला अण्वस्त्रांचं मोल समजावून सांगावं लागत नाही. उद्या दुसऱ्या कुठल्या देशाला अण्वस्त्रं सोड म्हणून सांगताना अमेरिका कुठल्या तोंडानं सांगेल?

आता भारताचं. हा आपल्यातला सर्वांत नाजूक धागा आहे. भारत २०२२ पासून संयुक्त राष्ट्रांत तटस्थ राहिला, रशियाचं तेल घेत राहिला, त्यामागे त्याची स्वतःची कारणं आहेत आणि ती भारतानं ठरवायची आहेत. तटस्थ राहूनही पंतप्रधान मोदींनी सप्टेंबर २०२२ मध्ये समरकंदला पुतिन यांना समोरासमोर सांगितलं की आजचा काळ युद्धाचा नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये ते कीव्हला गेले, औषधोपचाराचे फिरते संच देऊन आले. पण आपण इथले नागरिक आहोत. भारताचं धोरण हे आपल्या मताचं उत्तर होऊ शकत नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये रशियाच्या तेलाचं कारण देऊन भारतीय मालावर जादा २५ टक्के आयातशुल्क लादलं गेलं, एकूण ५० टक्के झालं, तेव्हा आपल्यात युक्रेनबद्दलची कटुता एकदम वाढली. कोळंबी, हिरे, कापड यांच्या धंद्यातल्या ओळखीच्या माणसांचे फोन आले. तो राग बरोबर होता. रशियाचं तेल सर्वांत जास्त घेणाऱ्या चीनवर तसं शुल्क लागलं नाही, यात न्याय कुठे होता? सिनेटमध्ये ग्रॅहम आणि ब्लूमेंथाल यांनी एप्रिल २०२५ मध्ये आणलेल्या विधेयकात रशियाचं तेल घेणाऱ्यांवर ५०० टक्के शुल्काची तरतूद आहे. मी युक्रेनच्या बाजूचा असूनही त्या तरतुदीच्या विरोधात आहे आणि माझ्या सिनेटरांना तसं कळवलं आहे. पण शुल्क वॉशिंग्टननं लावलं, कीव्हनं नाही. त्याचा राग खार्किव्हच्या तळघरात शाळा शिकणाऱ्या मुलांवर काढू नये.

आणि ‘आपला काय संबंध’ असं जे म्हणतात त्यांनी कोल्हापूरला विचारावं. १९३९ मध्ये सोव्हिएत सैन्यानं पूर्व पोलंड गिळलं, तिथल्या लाखो माणसांना गाड्यांत भरून सैबेरियाला आणि कझाकस्तानला नेलं. त्यातून सुटलेली सुमारे पाच हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं, इराणमार्गे कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला आली आणि १९४३ ते १९४८ तिथं राहिली. त्यांच्यापैकी अनेकांची मूळ गावं आज पश्चिम युक्रेनमध्ये आहेत. वळिवड्यात त्यांची शाळा होती, चर्च होतं, दवाखाना होता. त्या वेळी कोल्हापूरकर काही श्रीमंत नव्हते. त्या माणसांनी जन्मभर कोल्हापूरची आठवण ठेवली, वॉर्सात कोल्हापूरचं स्मारक उभं राहिलं, आणि मोदी २०२४ मध्ये कीव्हला जाण्याआधी तिथं फुलं वाहून गेले. २०२२ मध्ये त्याच पोलंडनं दहा लाखांहून जास्त युक्रेनियनांना आसरा दिला. त्याच पोलंडच्या, रुमानियाच्या, हंगेरीच्या, स्लोव्हाकियाच्या सीमा ओलांडून आपली वैद्यकीय शिक्षण घेणारी पोरं ‘ऑपरेशन गंगा’त घरी आली. बावीस हजारांहून जास्त भारतीय बाहेर पडले, त्यात महाराष्ट्रातली कितीतरी होती. लातूर-नांदेडकडच्या आईबापांनी त्या आठवड्यात काय भोगलं ते तिकडे फोन करून विचारा.

इथल्या शेजाऱ्यांबद्दलही थोडं. न्यू जर्सीत एडिसनपासून फार लांब नाही, साउथ बाउंड ब्रुकला युक्रेनियनांचं सेंट अँड्र्यू चर्च आहे. स्टालिनच्या काळात १९३२-३३ मध्ये भुकेनं मारल्या गेलेल्या लाखो युक्रेनियनांचं ते स्मारक आहे. आपल्यातले कित्येक जण त्या रस्त्यावरून रोज जातात. एप्रिल २०२२ मध्ये सुरू झालेल्या योजनेतून दोन लाखांहून जास्त युक्रेनियन प्रायोजकांच्या आधारानं अमेरिकेत आले. जानेवारी २०२५ मध्ये ती योजना थांबवली गेली आणि आलेल्यांचे कागद लटकले. मुलं शाळेत आहेत, भाडं चालू आहे, आणि पुढच्या वर्षी इथं राहता येईल की नाही माहीत नाही, ही अवस्था आपण भोगलेली आहे. या एका बाबतीत तरी आपल्यात दोन तट नसावेत.

तर माझं मागणं असं. आपल्या भागातल्या उमेदवारानं, तो तेव्हा सदस्य असेल तर, २० एप्रिल २०२४ ला काय मत दिलं ते हाउसच्या संकेतस्थळावर पाहून घ्या. सदस्य नसेल तर काय दिलं असतं ते विचारा. युरोप पैसे देऊन शस्त्रं घेतो आहे, ती देण्याला त्याचा पाठिंबा आहे का? जमिनीवरच्या ताब्यापलीकडची जमीन युक्रेननं सोडावी असं त्याला वाटतं का? पळवलेल्या मुलांचा शोध घेणाऱ्यांना पैसे परत मिळावेत यासाठी तो काय करणार? इथं आलेल्या युक्रेनियनांच्या कागदांचं काय? आणि भारतावरच्या शुल्काचं काय, हेही त्याच दमात विचारा, लाजू नका.

मंडळांच्या अध्यक्षांना वेगळी विनंती आहे. गणेशोत्सवात उमेदवाराला माइक देणार असाल तर त्यानंतर दहा मिनिटं प्रश्नांसाठी ठेवा, आणि ‘वाद नको’ म्हणून युक्रेनचा प्रश्न चिठ्ठ्यांतून काढून टाकू नका. माझ्याशी असहमत असलेल्यांनीही प्रश्न विचारावा, त्यांच्या बाजूनं विचारावा. मी शेवटच्या रांगेत बसून ऐकेन आणि माझा प्रश्न नंतर विचारेन.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
न्यू जर्सीतला एक मराठी मतदार